घातक प्रियकर (पात्रप्रकार)

घातक प्रियकर किंवा ओम फाताल हा गुन्हेपट, रहस्यपट आणि नाटकांमध्ये आढळणारा एक पात्रप्रकार आहे. आपल्या देखणेपणाने, वाक्चातुर्याने आणि सभ्य वर्तनाने स्त्रीचा विश्वास संपादन करून पुढे तिचे धन, स्वातंत्र्य किंवा प्राण हिरावून घेणाऱ्या पुरुषपात्रास ही संज्ञा लावली जाते. 'ओम फाताल' हा मूळ फ्रेंच शब्दप्रयोग असून तो 'फाम फाताल' (घातक मोहिनी) या अधिक परिचित संज्ञेचे पुल्लिंगी रूप आहे.

पाश्चात्त्य चित्रपटांत हा पात्रप्रकार प्रामुख्याने १९४० च्या दशकातील फिल्म न्वारमधून पुढे आला. भारतात त्याची ठळक रूपे गुरुदत्त यांचा *जाल* (१९५२), शक्ती सामंत यांचा *कटी पतंग* (१९७१), अब्बास-मस्तान यांचा *बाजीगर* (१९९३) आणि श्रीराम राघवन यांचा *एक हसीना थी* (२००४) या हिंदी चित्रपटांत दिसतात. मराठीत या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध पात्र रंगभूमीवर अवतरले. आचार्य अत्रे यांच्या *तो मी नव्हेच* (१९६२) या नाटकातील लखोबा लोखंडे हे ते पात्र होय. याच नाटकावरून पुढे तमिळमध्ये *नान अवनिल्लै* (१९७४) हा चित्रपट निर्माण झाला.

फाम फाताल पुरुषाला बहुधा वासना आणि लोभ यांच्या मार्गाने नियमांबाहेर ओढते. घातक प्रियकर याच्या उलट मार्गाने जातो. तो स्त्रीला विवाह, घर, प्रतिष्ठा आणि सुरक्षितता देऊ करतो, म्हणजे समाजाने तिला जे मिळवायला शिकवले आहे तेच देऊ करतो. त्यामुळे या कथांतील मध्यवर्ती प्रश्न केवळ 'गुन्हेगार कोण' एवढाच नसतो. फसवल्या गेलेल्या स्त्रीच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवेल का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो.

== संज्ञा ==

'फिल्म न्वार' (शब्दशः 'काळा चित्रपट') ही संज्ञा अमेरिकन गुन्हेपटांच्या संदर्भात १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यांनी वापरली. गडद सावल्या, रात्रीचे शहर, नैतिक संदिग्धता आणि अटळ वाटणारा शेवट ही या चित्रपटांची लक्षणे मानली जातात. 'फाम फाताल' ही संज्ञा चित्रपटांपूर्वीच साहित्य व चित्रकलेत रूढ होती. तिच्या जोडीने पुरुषपात्रासाठी 'ओम फाताल' हा शब्द समीक्षेत वापरला जाऊ लागला.

मराठीत या संज्ञेला एकच रूढ प्रतिशब्द नाही. 'भामटा', 'लबाड नवरा', 'ठकसेन', 'लग्नाळू भामटा' असे शब्द वृत्तपत्रांत व बोलण्यात प्रसंगानुसार येतात. 'लखोबा' किंवा 'लखोबा लोखंडे' हे विशेषनामही नाटकाच्या लोकप्रियतेमुळे सामान्यनामासारखे वापरले जाते. अनेक नावांनी वावरणाऱ्या आणि पुरावा समोर असूनही सारे काही नाकारणाऱ्या माणसाला उद्देशून ते योजले जाते.

== पूर्वपीठिका ==

फसव्या रूपाने स्त्रीपर्यंत पोहोचणारा पुरुष हा कथाबीज म्हणून चित्रपटांहून पुष्कळ जुना आहे. रामायणात रावण भिक्षेकरी संन्याशाच्या वेषात सीतेसमोर येतो. अहल्येच्या कथेत इंद्र गौतम ऋषींचे रूप घेतो. या दोन्ही कथांत स्त्रीने ज्याच्यावर विश्वास ठेवणे योग्य व धर्म्य मानले गेले आहे, असेच रूप (अतिथी व पती) फसवणारा धारण करतो, ही बाब लक्षणीय आहे. अहल्येच्या कथेत फसवणाऱ्याबरोबरच फसवली गेलेली स्त्रीही शापास पात्र ठरते.

युरोपात शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये प्रसिद्ध केलेली 'नीळदाढ्या'ची कथा या प्रकाराचा आदिबंध मानली जाते. या कथेत एक श्रीमंत गृहस्थ नव्या पत्नीला घराच्या सर्व किल्ल्या देतो, मात्र एक खोली उघडण्यास मनाई करतो. त्या खोलीत त्याच्या आधीच्या पत्नींची प्रेते असतात. बंद खोली, किल्ली, जिना आणि पतीचा अज्ञात भूतकाळ हे या कथेतील घटक पुढे अनेक रहस्यपटांत आले.

विसाव्या शतकात वृत्तपत्रांतून गाजलेल्या खटल्यांनी या पात्राला आधुनिक रूप दिले. विवाहेच्छू स्त्रियांना जाहिरातींद्वारे गाठून त्यांचे खून करणारा फ्रान्समधील आंरी देझिरे लांद्रू याला १९२२ मध्ये गिलोटिनवर मृत्युदंड देण्यात आला. चार्ली चॅप्लिन यांच्या *मस्यू व्हेर्दू* (१९४७) या चित्रपटामागे हे प्रकरण आहे. अमेरिकेत विधवा व एकाकी स्त्रियांशी पत्रव्यवहार करून त्यांना ठार मारणाऱ्या हॅरी पॉवर्सला १९३२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात फाशी झाली. डेव्हिस ग्रब यांची *द नाइट ऑफ द हंटर* ही कादंबरी आणि त्याच नावाचा १९५५ चा चित्रपट या प्रकरणावर आधारलेले आहेत.

== वैशिष्ट्ये ==

या पात्रप्रकाराची पुढील लक्षणे सर्वसाधारणपणे आढळतात.

* सभ्य रूप : पात्र पेहराव, भाषा आणि शिष्टाचार यांत निर्दोष असते. त्याची भूमिका अनेकदा लोकप्रिय नायकाला दिली जाते, जेणेकरून प्रेक्षकही नायिकेप्रमाणेच त्याच्यावर विश्वास ठेवतील.
* बदललेली ओळख : नाव, व्यवसाय, जात, गाव किंवा वैवाहिक स्थिती यांपैकी काहीतरी खोटे असते.
* विवाहाचा साधन म्हणून वापर : विवाह किंवा विवाहाचे वचन हे स्त्रीच्या संपत्तीपर्यंत वा घरापर्यंत पोहोचण्याचे साधन ठरते.
* एकटे पाडणे : स्त्रीला तिचे आईवडील, मैत्रिणी व शेजारी यांच्यापासून क्रमाक्रमाने तोडले जाते.
* आधीची स्त्री : पूर्वी फसवली गेलेली एखादी स्त्री नायिकेला सावध करते, परंतु तिचे बोलणे मत्सरातून आलेले समजून दुर्लक्षिले जाते.
* साक्षीवर अविश्वास : नायिकेला सत्य कळते तेव्हा कुटुंब, पोलीस किंवा न्यायालय यांना ते पटवून देणे तिला जड जाते.

बळाचा वापर करणारा खलनायक आणि घातक प्रियकर यांत फरक केला जातो. मराठी ग्रामीण चित्रपटांत, विशेषतः निळू फुले यांनी रंगवलेल्या भूमिकांमुळे, वासनांध पाटील किंवा सरपंच हे पात्र घराघरांत पोहोचले. मात्र या पात्राची सत्ता जमीन, पद आणि दहशत यांवर उभी असते. तो काय आहे हे गावाला ठाऊक असते, फक्त त्याविरुद्ध बोलण्याची सोय नसते. घातक प्रियकराच्या बाबतीत परिस्थिती उलट असते. बोलण्यास मज्जाव नसतो, पण तो कोण आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

== हॉलिवूडमधील विकास ==

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत स्त्रिया मोठ्या संख्येने अर्थार्जन करू लागल्या आणि अल्प परिचयानंतर होणारे विवाहही वाढले. 'मी ज्याच्याशी लग्न केले तो कोण आहे' हा प्रश्न केंद्रस्थानी असणाऱ्या चित्रपटांची लाट याच काळात आली.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या *सस्पिशन* (१९४१) मध्ये कॅरी ग्रँट यांनी खुशालचेंडू पती जॉनी याची भूमिका केली. पत्नीला तो आपला खून करणार असा संशय येतो. फ्रान्सिस आइल्स यांच्या मूळ कादंबरीत (१९३२) पती खरोखरच खुनी आहे. चित्रपटात मात्र शेवट बदलून तो निर्दोष दाखवला गेला. पतीने जिन्यावरून वर नेलेल्या दुधाच्या पेल्यात हिचकॉक यांनी एक छोटा दिवा ठेवला होता, त्यामुळे पडद्यावरील अंधारात तो पेला उजळून दिसतो. पत्नीची भूमिका करणाऱ्या जोन फाँटेन यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला.

हिचकॉक यांच्याच *शॅडो ऑफ अ डाउट* (१९४३) मध्ये श्रीमंत विधवांचे खून करणारा चार्ली (जोसेफ कॉटन) बहिणीच्या घरी आश्रयाला येतो. त्याची भाची त्याचे खरे रूप ओळखते, परंतु आईच्या सुखासाठी तिला मौन बाळगावे लागते. चित्रपटाच्या अखेरीस गाव त्याला सन्मानाने निरोप देते आणि सत्य केवळ भाचीला व तिच्या एका विश्वासूला ठाऊक राहते.

जॉर्ज क्यूकर यांचा *गॅसलाइट* (१९४४) हा पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या नाटकावर आधारित आहे. त्यात पती (शार्ल बॉये) पत्नीच्या (इन्ग्रिड बर्गमन) वस्तू लपवतो, घडलेल्या गोष्टी नाकारतो आणि तिला स्वतःच्या बुद्धीविषयीच शंका घ्यायला लावतो. माळ्यावर दागिने शोधताना तो तेथील दिवा लावतो, त्यामुळे खालच्या खोलीतील गॅसचा दिवा मंदावतो. पत्नीला तो मंदावलेला दिसतो, पण तिला तसे भास होतात असे सांगितले जाते. या कथेवरून 'गॅसलाइटिंग' हा शब्द मानसशास्त्रीय छळासाठी रूढ झाला. मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने २०२२ मध्ये तो 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला.

*सडन फिअर* (१९५२) मधील नायिका (जोन क्रॉफर्ड) यशस्वी नाटककार आहे. तिचा अभिनेता पती आणि त्याची प्रेयसी यांचा खुनाचा कट तिच्या स्वतःच्याच ध्वनिमुद्रण यंत्रावर नोंदला जातो व ती त्याला प्रतिशह देते. चार्ल्स लॉटन यांच्या *द नाइट ऑफ द हंटर* (१९५५) मध्ये रॉबर्ट मिचम यांनी धर्मोपदेशकाच्या वेषातील खुनी साकारला. आयरा लेव्हिन यांच्या *अ किस बिफोर डाइंग* (१९५३) या कादंबरीवरील १९५६ च्या चित्रपटात श्रीमंत घराण्यात शिरू पाहणारा विद्यार्थी गरोदर प्रेयसीला इमारतीच्या गच्चीवरून ढकलून देतो आणि नंतर तिच्याच बहिणीशी सूत जुळवतो. या कादंबरीचा हिंदी चित्रपटावर पुढे थेट प्रभाव पडला.

== हिंदी चित्रपट ==

मुंबईत निर्माण होणाऱ्या हिंदी चित्रपटांवर १९५० च्या दशकात न्वार शैलीचा प्रभाव स्पष्ट दिसतो. मात्र या काळातील गुन्हेगार नायक बहुधा परिस्थितीने वाट चुकलेला असतो आणि नायिकेच्या प्रेमामुळे तो सुधारतो. ज्ञान मुखर्जी यांच्या *किस्मत* (१९४३) मधील अशोककुमार यांच्या पाकीटमाराने हा पायंडा पाडला होता.

=== जाल (१९५२) ===

या पायंड्याच्या अगदी कडेवर उभा असलेला चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा *जाल*. कथा पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती मच्छीमार वस्तीत घडते. सोन्याची चोरटी आयात करणारा टोनी (देव आनंद) मारिया (गीता बाली) या तरुणीला आपल्या मोहात ओढतो. टोनीने पूर्वी सोडून दिलेली लिसा (पूर्णिमा) मारियाला सावध करते. मारियाचा अंध भाऊ कार्लोस याची भूमिका के. एन. सिंग यांनी केली आहे. एरवी खलनायकाच्या भूमिकांत दिसणारा अभिनेता येथे सज्जन आणि नायकाचा चेहरा असलेला अभिनेता दुष्ट, अशी ही उलटी मांडणी आहे.

व्ही. के. मूर्ती यांचे छायाचित्रण आणि सचिनदेव बर्मन यांचे संगीत यांचा वापर मोहाच्या चित्रणासाठी केलेला आहे. हेमंतकुमार यांच्या आवाजातील चांदण्या रात्रीच्या गीतात टोनी दूर बसून गातो आणि मारिया इच्छेविरुद्ध त्याच्याकडे खेचली जाते. प्रेमगीत हेच येथे जाळे ठरते. ज्युसेप्पे दे सांतिस यांच्या *रिझो अमारो* (१९४९) या इटालियन चित्रपटाशी *जाल*चे साम्य दाखवले जाते. मात्र शेवटी मारियाच्या निष्ठेमुळे टोनीत परिवर्तन होते आणि चित्रपट रूढ वळणावर परततो.

=== तीसरी मंझिल आणि कटी पतंग ===

विजय आनंद यांच्या *तीसरी मंझिल* (१९६६) मध्ये हा पात्रप्रकार संशयाच्या रूपात येतो. बहिणीच्या मृत्यूस ढोलवादक रॉकी जबाबदार आहे असे मानून सुनीता (आशा पारेख) त्याचा शोध घेते. रॉकी (शम्मी कपूर) निर्दोष असतो, परंतु तिच्याशी ओळख वाढवण्यासाठी तोही आपले नाव लपवतो. म्हणजेच नायकसुद्धा खोट्या ओळखीचाच आधार घेतो. खरा गुन्हेगार वेगळाच निघाल्याने त्याची ही फसवणूक क्षम्य ठरते.

*कटी पतंग* हा गुलशन नंदा यांच्या कादंबरीवरील चित्रपट असला, तरी त्याचे कथाबीज कॉर्नेल वूलरिच यांच्या *आय मॅरिड अ डेड मॅन* (१९४८) या न्वार कादंबरीत आहे. माधवी (आशा पारेख) कैलासच्या (प्रेम चोप्रा) प्रेमापोटी लग्नाच्या दिवशी घर सोडते आणि तो शबनमसोबत (बिंदू) असल्याचे पाहते. पुढे रेल्वे अपघातात मृत झालेल्या मैत्रिणीचे नाव धारण करून ती जगू लागते, तेव्हा कैलास तिला धमकावून पैसे उकळण्यासाठी परत येतो. या कथेत खोटी ओळख स्त्रीलाही घ्यावी लागते. पुरुष लुबाडण्यासाठी नाव बदलतो, तर स्त्री जगण्यासाठी.

=== बाजीगर आणि १९९० चे दशक ===

*बाजीगर* (१९९३) हा *अ किस बिफोर डाइंग*वर आधारित आहे. अजय शर्मा (शाहरुख खान) हा सीमाला (शिल्पा शेट्टी) गुप्तपणे नोंदणी विवाह करण्याच्या निमित्ताने इमारतीच्या गच्चीवर नेऊन खाली ढकलतो. त्याच वेळी तो विकी मल्होत्रा या नावाने तिची बहीण प्रिया (काजोल) हिच्याशी प्रेमाचे नाटक करत असतो. मूळ कादंबरीतील नायकाचा हेतू संपत्तीचा लोभ हा आहे. हिंदी चित्रपटात मात्र त्याला वडिलांच्या सर्वनाशाचा सूड आणि आजारी आई (राखी) ही कारणे दिली आहेत. या बदलामुळे प्रेक्षकांची सहानुभूती खुन्याकडे वळते. शाहरुख खान यांना या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

*स्लीपिंग विथ द एनिमी* (१९९१) या अमेरिकन चित्रपटाच्या धर्तीवर *याराना* (१९९५), *अग्निसाक्षी* (१९९६) आणि *दरार* (१९९६) हे तीन हिंदी चित्रपट आले. *अग्निसाक्षी*मधील पत्नीवर मालकी गाजवणाऱ्या पतीच्या भूमिकेसाठी नाना पाटेकर यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

=== एक हसीना थी (२००४) ===

पुण्याच्या चित्रपट संस्थेतून शिकलेले दिग्दर्शक श्रीराम राघवन यांचा हा पहिला चित्रपट १६ जानेवारी २००४ रोजी प्रदर्शित झाला. मुंबईत एकटी राहून प्रवासी संस्थेत नोकरी करणारी मराठी मध्यमवर्गीय तरुणी सारिका वर्तक (उर्मिला मातोंडकर) ही त्याची नायिका आहे. करण सिंग राठोड (सैफ अली खान) तिच्याशी जवळीक साधतो. त्याच्या ओळखीने एका रात्रीसाठी तिच्या घरी उतरलेल्या माणसाच्या बॅगेत शस्त्रे सापडतात आणि सारिकाला अटक होते. करणने दिलेला वकीलच तिला गुन्हा कबूल करण्याचा सल्ला देतो व ती तुरुंगात जाते.

चित्रपटाचा पूर्वार्ध बारीकसारीक तपशिलांतून पुढे सरकतो. सारिकाची संकोची वृत्ती, शेजाऱ्यांच्या नजरा, एकट्या मुलीने पुरुषाला घरी येऊ द्यावे की नाही याविषयीची तिची घालमेल हे सारे करणच्या योजनेला साहाय्यभूत ठरते. अटकेनंतर करणशी असलेले नातेच तिच्याविरुद्ध जाते. उत्तरार्धात ती तुरुंगातून निसटून सूड घेते. सुरुवातीपासून उंदरांना घाबरणारी सारिका अखेरीस करणला उंदरांनी भरलेल्या गुहेत साखळदंडाने बांधून जाते. तिच्या मागावर असलेल्या पोलीस अधिकारी मालती वैद्य यांची भूमिका सीमा बिस्वास यांनी केली आहे. *जाल*मधील मारियाच्या प्रेमाने टोनी सुधारला होता. अर्धशतकानंतरच्या या चित्रपटात मात्र गुन्हेगाराला सुधारण्याची जबाबदारी नायिकेवर टाकलेली नाही.

राघवन यांच्या *जॉनी गद्दार* (२००७) मध्ये टोळीतील साथीदाराच्या पत्नीशी गुप्त संबंध असलेला देखणा तरुण एकामागून एक सहकाऱ्यांचे खून करतो. हा चित्रपट विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केलेला आहे.

=== दहाड (२०२३) ===

रीमा कागती व झोया अख्तर यांच्या *दहाड* या वेबमालिकेत विजय वर्मा यांनी महाविद्यालयीन अध्यापक आनंद स्वर्णकारची भूमिका केली. तो गरीब व उपेक्षित कुटुंबांतील तरुणींना विवाहाचे आमिष दाखवून पळवून नेतो. त्यांची प्रेते सार्वजनिक स्वच्छतागृहांत सापडतात आणि मृत्यू सायनाइडने झालेला असतो. या कथानकाचे कर्नाटकातील 'सायनाइड मोहन' प्रकरणाशी साम्य आहे. त्यातील आरोपी शाळाशिक्षक होता व त्याला २०१३ मध्ये दोषी ठरवण्यात आले. हुंडा देणे न परवडणाऱ्या घरांतील मुलींना 'हुंड्याशिवाय लग्न करणारा मुलगा' मिळणे हेच येथे आमिष असते. मुलगी पळून गेली या लाजेपोटी कुटुंबे तक्रार करत नाहीत, आणि त्यामुळे खून वर्षानुवर्षे उघडकीस येत नाहीत.

== मराठी रंगभूमी व चित्रपट ==

=== तो मी नव्हेच ===

अनेक स्त्रियांशी वेगवेगळ्या नावांनी विवाह करून त्यांना फसवणाऱ्या माधव काझी याच्या गाजलेल्या खटल्यावरून आचार्य अत्रे यांनी *तो मी नव्हेच* हे नाटक लिहिले. त्याचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकर यांचे होते.

नाटक न्यायालयात घडते. आरोपी स्वतःला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे म्हणवतो आणि ज्या दिवाकर दातारने स्त्रियांना फसवले 'तो मी नव्हेच' असे प्रत्येक साक्षीदारासमोर सांगतो. तो वकील न घेता स्वतःच उलटतपासणी घेतो. साक्षींच्या ओघात भूतकाळातील प्रसंग रंगमंचावर उभे राहतात. फिरत्या रंगमंचामुळे न्यायालय आणि हे प्रसंग यांत वेगाने बदल करता येत असे.

प्रभाकर पणशीकर यांनी लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार आणि राधेश्याम महाराज अशा पाच भूमिका साकारल्या. त्यांच्या कारकिर्दीची ओळख या नाटकाशी इतकी जोडली गेली, की त्यांच्या आत्मचरित्राचे नाव *तोच मी* असे आहे. प्रत्येक रूपाची बोली, चालणे आणि वेष स्वतंत्र होता. लखोबाच्या मराठीला सीमाभागातील कानडी हेल आहे. निपाणी हे कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातील मराठीभाषक वस्ती असलेले गाव असल्याने ही बोली प्रेक्षकांना तात्काळ ओळखू येई.

या पाच रूपांची निवड महत्त्वाची आहे. व्यापारी, नोकरदार, सैनिकी अधिकारी, शास्त्री आणि महाराज ही तत्कालीन मध्यमवर्गीय समाजाने विश्वासार्ह मानलेली स्थाने होत. आरोपी स्त्रियांना केवळ रूपाने भुलवत नाही. स्थळ पाहणाऱ्या कुटुंबाला जे हवे असते, तसे स्थळ तो बनतो. त्यामुळे फसवणुकीला एकटी वधूच नव्हे, तर तिचे नातेवाईक आणि समाजही बळी पडतात.

नाटकाची रचना विनोदी आहे. आरोपीच्या हजरजबाबीपणावर प्रेक्षागृहात हशा उसळतो आणि त्याच वेळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील स्त्रीला आपला संसार खरा होता हे सिद्ध करावे लागते. हसणारा प्रेक्षक काही काळ फसवणाऱ्याच्याच बाजूला बसतो. नाटकाचे आकर्षण आणि त्यातील अस्वस्थता ही दोन्ही याच रचनेतून निर्माण होतात.

=== नान अवनिल्लै ===

के. बालचंदर दिग्दर्शित *नान अवनिल्लै* (१९७४) हा तमिळ चित्रपट या मराठी नाटकावर आधारित आहे. शीर्षकाचा अर्थही 'तो मी नव्हे' असाच होतो. प्रणयी नायक म्हणून ख्यातनाम असलेले जेमिनी गणेशन यांनी त्यात अनेक नावांनी वावरणारा आरोपी साकारला. त्यासाठी त्यांना तमिळ विभागातील सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. प्रणयी नायकाच्या प्रतिमेचा असा उपयोग *सस्पिशन*मधील कॅरी ग्रँट आणि *जाल*मधील देव आनंद यांच्याशी नाते सांगणारा आहे. २००७ मध्ये जीवन यांना मुख्य भूमिकेत घेऊन याच नावाचा नवा तमिळ चित्रपट आला आणि २००९ मध्ये त्याचा पुढील भागही प्रदर्शित झाला.

=== भूमिका ===

श्याम बेनेगल यांचा *भूमिका* (१९७७) हा हिंदी चित्रपट मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या *सांगत्ये ऐका* या आत्मकथनावर आधारित आहे. तो गुन्हेपट नाही, तथापि या पात्रप्रकाराच्या चर्चेत तो उपयुक्त ठरतो. साध्या, भल्या मध्यमवर्गीय नायकाची प्रतिमा असलेले अमोल पालेकर यांनी येथे पत्नीच्या कमाईवर जगणारा आणि तिच्यावर संशय घेणारा केशव दळवी रंगवला. जमीनदार विनायक काळे (अमरीश पुरी) उषाला (स्मिता पाटील) सन्मानाचे घर देऊ करतो, परंतु त्या घराबाहेर पडण्यास तिला मनाई असते. तेथून सुटण्यासाठी तिला पुन्हा केशवचीच मदत घ्यावी लागते. खून, कट किंवा खोटे नाव यांपैकी काहीही नसताना विवाह व आश्रय हे बंधन कसे होते, हे या चित्रपटात दिसते.

== कायदेशीर संदर्भ ==

विवाहाच्या आमिषाने होणारी फसवणूक हा भारतीय कायद्यात दीर्घकाळ गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४९३ ते ४९६ मध्ये विवाहाचा खोटा समज करून देऊन सहवास करणे, पहिला जोडीदार हयात असताना दुसरा विवाह करणे, पूर्वीचा विवाह लपवणे आणि कपटाने विवाहविधी पार पाडणे या कृत्यांसाठी शिक्षेची तरतूद होती. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये हिंदूंसाठी द्विभार्या प्रतिबंधक कायदा झाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हा प्रतिबंध देशभर लागू केला. *तो मी नव्हेच* रंगमंचावर आले तेव्हा या केंद्रीय कायद्याला अवघी सात वर्षे झाली होती.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये द्विविवाह व पूर्वविवाह लपवणे यांविषयीची तरतूद आहे. कलम ६९ नुसार कपटाने किंवा पाळण्याचा हेतू नसलेल्या विवाहाच्या वचनाने शरीरसंबंध ठेवल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. स्वतःची ओळख लपवून विवाह करणे याचाही 'कपट' या संज्ञेत समावेश केलेला आहे.

== समीक्षा ==

या पात्रप्रकाराविषयीच्या चर्चेत तीन मुद्दे प्रामुख्याने उपस्थित होतात.

पहिला मुद्दा आकर्षणाचा आहे. फसवणारा मोहक नसेल तर कथा पटत नाही, आणि तो फार मोहक असेल तर त्याचा गुन्हा सौम्य वाटू लागतो. *बाजीगर*मध्ये सूडाचे कारण देऊन हा तोल खुन्याच्या बाजूने झुकवला आहे. सीमा कथेच्या मध्यापूर्वीच नाहीशी होते आणि तिने कोणताही अपराध केलेला नव्हता ही गोष्ट शेवटच्या भावनिक प्रसंगात मागे पडते.

दुसरा मुद्दा दोषाचा आहे. अनेक चित्रपटांत घर सोडून गेलेल्या, प्रियकराला घरी येऊ दिलेल्या किंवा वडिलांचे न ऐकलेल्या स्त्रीला तिच्या 'चुकी'ची शिक्षा मिळाल्याचे सूचित होते. *कटी पतंग*च्या कथेवर ही छाया आहे. *एक हसीना थी* आणि *दहाड* यांत मात्र स्त्रीच्या विश्वासाला नव्हे, तर त्याचा गैरफायदा घेणाऱ्या व्यवस्थेला प्रश्न विचारला जातो.

तिसरा मुद्दा साक्षीचा आहे. *गॅसलाइट*मधील पत्नीला दिवा मंदावलेला दिसतो, *शॅडो ऑफ अ डाउट*मधील भाचीला सत्य ठाऊक असते, *जाल*मधील लिसा आधीच सांगत असते आणि *तो मी नव्हेच*मधील स्त्रिया न्यायालयात शपथेवर बोलतात. या सर्व कथांत सत्य सांगणारी स्त्री पहिल्यापासून हजर आहे. तिचे ऐकले कधी जाते, यावर कथेचा शेवट अवलंबून असतो.

== निवडक कलाकृती ==

* *सस्पिशन* (१९४१) – दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक – कॅरी ग्रँट
* *गॅसलाइट* (१९४४) – दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर – शार्ल बॉये
* *जाल* (१९५२) – दिग्दर्शक गुरुदत्त – देव आनंद
* *द नाइट ऑफ द हंटर* (१९५५) – दिग्दर्शक चार्ल्स लॉटन – रॉबर्ट मिचम
* *तो मी नव्हेच* (नाटक, १९६२) – लेखक आचार्य अत्रे – प्रभाकर पणशीकर
* *कटी पतंग* (१९७१) – दिग्दर्शक शक्ती सामंत – प्रेम चोप्रा
* *नान अवनिल्लै* (१९७४) – दिग्दर्शक के. बालचंदर – जेमिनी गणेशन
* *बाजीगर* (१९९३) – दिग्दर्शक अब्बास-मस्तान – शाहरुख खान
* *एक हसीना थी* (२००४) – दिग्दर्शक श्रीराम राघवन – सैफ अली खान
* *दहाड* (वेबमालिका, २०२३) – निर्मात्या रीमा कागती व झोया अख्तर – विजय वर्मा

== हे सुद्धा पहा ==

* फिल्म न्वार
* फाम फाताल
* तो मी नव्हेच
* प्रल्हाद केशव अत्रे
* प्रभाकर पणशीकर
* गुरुदत्त
* श्रीराम राघवन